तीन वाफ्यांवरचे तीन उंबरे

दाजी, परवा नदीवर तुमच्याबद्दल जे बोललं गेलं ते ऐकायला तुम्ही हवे होता. स्वतःची स्तुती ऐकायला तुम्ही भर आषाढात सुप्यापर्यंत अनवाणी चालत गेला असता. इथं तर ती घरापासून हाकेच्या अंतरावर फुकट वाटली जात होती. कुणी म्हणालं देवमाणूस गेला. कुणी म्हणालं गावाचा आधार गेला. बोलणारे तेच होते, ज्यांनी तुम्हांला इतकी वर्षं 'उंबरेखाऊ' म्हटलं. तोंडावर म्हणायचे नाहीत, पण तुमची पाठ पुरती वळेपर्यंत थांबायचेही नाहीत. मी त्यांच्या मधोमध मान खाली घालून उभा होतो. ते नाव मी ठेवलेलं आहे, हे त्यांतल्या निम्म्यांना आठवतही नसेल.

मी तुमची स्तुती करणार नाही. माणूस मेला म्हणून तो शहाणा होत नाही. तुमच्याइतका बढाईखोर माणूस मी या डोंगरात दुसरा पाहिला नाही, आणि माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला तोच यावा याचा राग मी तुमच्या लग्नाच्या मांडवापासून बाळगून आहे. लोंढ्याला रेल्वे आली तेव्हा घाटातली वाट इंजिनेराला तुम्ही दाखवली, असं तुम्ही सांगायचा. त्या दिवसांत तुम्ही नवे जावई म्हणून आमच्या घरी आंबोळ्या खात बसला होता. मी वाढत होतो, मला माहीत आहे. अणशीच्या रानात तुम्ही म्हणे वाघाला नुसतं खाकरून पळवलं. वाघ कुणी पाहिला नाही. खाकरणं मात्र आम्ही जन्मभर ऐकलं. पाहुण्याला घेऊन घराकडे यायला लागला, की वळणापासूनच तुमचं सुरू व्हायचं. जणू गावचा इनामदार चालला आहे आणि झाडांनी बाजूला व्हावं.

परवा नदीवर पिंड ठेवला आणि कावळा शिवेना. कावळे होते, समोरच्या झाडावर बसून पाहत होते. धोंडू, तुमचा पुतण्या, ज्यानं तुम्हांला अग्नी दिला, तो हात जोडून एकेक वचन देत होता. काकूला अंतर देणार न्हाई. कावळा येईना. शेत पड टाकणार न्हाई. येईना. तुमची गाय विकणार न्हाई. तरी येईना. धोंडूचंच कुत्रं पिंडापासून चार हातांवर जीभ काढून बसलेलं होतं, ते मला दिसत होतं, आणि मला वाटतं कावळ्यांनाही दिसत होतं. पण विधी चालू असताना कुत्र्याबद्दल कोण बोलणार. तेवढ्यात मागून कुणीतरी म्हातारा म्हणाला, "घराला उंबरा न्हाई, बाबांनो. जीव तितंच अडकलाय." सगळ्यांना एकदम पटलं. धोंडू म्हणाला, "काका, तिन्ही दारांचे उंबरे जाग्यावर बसवतो. तेराव्याच्या आत बसवतो." त्याच वेळी कुणीतरी कुत्र्याला खडा मारला. कुत्रं उठून गेलं आणि कावळा आला.

सगळे हुश्श झाले. बायका रडल्या. "बगा, त्यातच जीव व्हता," म्हणाल्या.

वाघाला पळवणारे तुम्ही, दाजी, एका कावळ्याला थोपवू शकला नाही.

मीही गप्प राहिलो. घरी परत येताना मात्र मला कळत गेलं की हे वचन पाळलं तर काय होईल. वचन तुमच्या नावानं दिलेलं आहे, म्हणून त्याचं पुढं काय झालं ते तुम्हांलाच सांगतो.

अक्का तापानं पडली ते साल तुमच्या लक्षात असेलच. लावणीतून भिजून आली आणि अंथरुणाला लागली. ताप उतरला तेव्हा कमरेखालचं अंग तिचं राहिलं नव्हतं. चिमटा काढला तरी कळायचं नाही. हात तेवढे पूर्वीसारखे, कोयत्याचे. जी बाई रानडुकरांच्या तोंडातून माडी आणि कोन हे कंद राखून काढायची, जिच्या हातची मिरची लोक नंदिगड्ड्याहून मागायला यायचे, ती मधल्या घरात अंधारात बसून राहिली. तुमच्या घराचे उंबरे वीतभर उंच. पावसाचं पाणी आणि विंचूकाटा आत येऊ नये म्हणून तुमच्या आज्यानं बसवलेले. स्वैंपाकघरातून मधल्या घरात एक, मधल्या घरातून पडवीत एक, मागच्या दाराला एक. प्रत्येक उंबऱ्याला तिला दोघांनी उचलायचं. एक तुम्ही आणि दुसरा जो कुणी हाताशी येईल तो. एकदा मी होतो. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोत्यावाणी उचलू नगंस, गणू. पोतं बोलत न्हाई, मी बोलतीया." त्यानंतर तिनं बाहेर न्यायला सांगणंच सोडलं. जेवणही कमी केलं. मी आईला तसं करताना पाहिलेलं होतं. त्याचा शेवट काय होतो हे मला ठाऊक होतं.

पुढं जे झालं त्याबद्दल पहिली गोष्ट सरळ करतो. उंच वाफ्यांची कल्पना तुमची नव्हती. तुम्ही ती बाजारकुणंगपासून सुप्यापर्यंत स्वतःची म्हणून सांगितलीत. मी पडवीत बसलो होतो. दारातून मागच्या अंगणातलं वृंदावन दिसत होतं आणि अक्का तिकडं बघत होती. म्हणाली, "तुळशीला चिऱ्यावर बसवून पाणी घालता. तिच्यापुढं कुणी वाकत न्हाई. माझ्या मिरचीला का बसवत न्हाई?" ती चेष्टा करत होती. कितीतरी महिन्यांनी केलेली पहिली चेष्टा. तुम्ही हसलासुद्धा नाही. दुसऱ्या दिवशी चिरे आणायला गाडी जोडलीत, आणि संध्याकाळपर्यंत ती कल्पना तुमची झालेली होती. असा तुमचा हातखंडा. तरी तुम्ही गाडी जोडलीत. आम्ही बाकीचे हसून घरी गेलो.

तीन वाफे बांधले. गुडघ्यापेक्षा थोड्या उंच चिऱ्याच्या भिंती, आत रानातली कुजलेल्या पानांची माती आणि शेण. प्रत्येकाला चढायला एक दगडी पायरी, म्हणजे हातावर जोर देऊन तिला वर येता येईल. भिंतीवर बसायचं, काठाकाठानं सरकायचं, बसल्या बसल्या खुरपायचं. पण चिरा हा दगड बसायचा नव्हे. उन्हात तापतो, पावसात चार महिने ओल सोडत नाही, आणि त्याचं अंग कातडी सोलतं. ज्या बाईला मांडीला काय लागलं ते कळत नाही तिला तर नकोच. म्हणून भिंतीच्या माथ्यावर लाकडाची रुंद पट्टी हवी. आता लाकूड कुठलं? दाजी, लोक बायकोच्या दागिन्यावरून भांडतात. आपण दोघं एका पट्टीवरून चैत्रापर्यंत भांडलो.

तुम्हांला सागवान हवं होतं. का, तर सरकारी झाड. बघणाऱ्याचे डोळे फाटले पाहिजेत. जंगलखात्याच्या कचेरीत गेलात तेव्हा मीही तुमच्या मागं होतो. कारकुनानं मान वर न करता विचारलं, "कशाला पाहिजे?" तुम्ही वाफ्यांचं सांगितलंत. तो म्हणाला, "वांग्याला सागवान? मग पाणी कशाचं घालणार, अत्तराचं?" सगळी कचेरी हसली. तुम्ही बायको आजारी आहे, तिला बसायचं आहे, एवढं एक वाक्य बोलला असता तर तो बिचारा कदाचित गप्प बसला असता. तुम्ही बोलला नाहीत. येताना वाटेत भेटेल त्याला मात्र सांगितलंत की मोठ्या साहेबानं खुर्ची दिली, चहा दिला. मी शेजारून चालत होतो. माझ्या तोंडावर तुम्हांला हे सांगता येत होतं, इतकी तुमची लाज गेलेली होती.

फणस चालला असता. जेवायचा पाट लोक फणसाचा करतात तो उगाच नाही. अंग मऊ, कपची सुटत नाही, वाळवी लवकर लागत नाही. तुमच्या दारात एक होता. अक्कानं आतून ओरडून नाही सांगितलं. "फळतं झाड तोडून त्याच्यावर बसू? त्या झाडाला निदान फळं तरी लागत्यात." त्यावर तुम्ही आणि मी दोघांनीही दुसरीकडे पाहिलं. मूल नसलेल्या घरात अशी वाक्यं उत्तराची वाट पाहत नाहीत.

मी म्हटलं, मत्ती. वजनदार, पाण्याला न भिणारी, जन्मभर टिकेल.

"मत्ती नांगराला, मत्ती गाडीला, आनि मत्ती तुझ्या डोक्याला," तुम्ही म्हणालात. "आमच्या घरात मत्ती वापरत न्हाईत. उंबरे बगितलास? शिसवाचे हायत."

"शिसवाचे? चुलीच्या धुरानं काळी झालेली मत्ती हाय ती, दाजी."

"माझ्या आज्यानं बसवल्यात."

"मग आज्याला फसवलं कुणीतरी."

"व्हय, तुझ्याच आज्यानं इकलं असंल."

आतून अक्का म्हणाली, "तुमचं ठरंस्तवर मी मरते. चितेला कंचं लाकूड ते तरी दोघं मिळून ठरवून ठेवा."

शेवटी लाकूड माझं आलं. माझ्या बांधावरची मत्ती मीच पाडली, मीच फळ्या पाडून घेतल्या, गाडीत घालून आणल्या. ओल्या होत्या. मत्ती वर्षभर सावलीत पडली पाहिजे, नाहीतर उन्हाला तडकते, हे इथल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक असतं. मला ठाऊक होतं. पण वर्षभर थांबलो असतो तर तुम्ही कुठूनतरी सागवान मिळवलं असतं, आणि मग ते जन्मभर ऐकावं लागलं असतं. मला माझं लाकूड आधी भिंतीवर चढलेलं बघायचं होतं. तुमच्या बढाईला मी एवढा हसलो, पण तुमची बढाई निदान तोंडापुरती राहायची. माझी भिंतीवर ठोकून झाली.

वैशाखात फळ्या उभ्या तडकल्या. अक्का त्यांवरून सरकत मिरचीची रोपं लावत होती, महिन्यांनी पहिल्यांदा गाणं म्हणत होती. बोटाएवढी कपची मांडीत शिरली आणि तिला कळलंच नाही. लुगड्याला डाग दिसला तो दुसऱ्या दिवशी. जखम चिघळली, ताप चढला, तिनं आम्हांला ओळखायचं सोडलं. झाडपाला करणारा म्हातारा रोज येत होता आणि रोज कमी बोलत होता. ती वाचली ती स्वतःच्या हट्टानं. मी तुमच्या पडवीत बसून म्हणत राहिलो की सुतारानं रंधा नीट मारला नाही. तुम्ही माझ्याकडं एकदा पाहिलंत. मग पहार घेऊन गेलात, तिन्ही वाफ्यांवरच्या फळ्या उखडल्यात आणि गोठ्यामागं फेकल्यात. बोलला काही नाहीत. तुम्ही बोलत नाही असं मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, आणि मला वाटलं, झाली, याची जिरली. ते वाटणं अजून माझ्या अंगात आहे. आंघोळीनं जात नाही.

पावसाआधी मी पुन्हा आलो. न सांगता, मागच्या पायवाटेनं. मागच्या दाराला उंबरा नव्हता. त्या जागी माती घट्ट बसवून वर शेणानं सारवलेलं होतं, आणि त्या सारवणावरून माझी बहीण दोन्ही हातांवर जोर देत, अंग ओढत, एकटी बाहेर येत होती. मागं कुणी नव्हतं, पुढं कुणी नव्हतं. तिनं मला पाहिलं नाही. अंगण ओलांडून ती वाफ्यापाशी गेली, पायरीवर चढली, भिंतीवर बसली, आणि धापा टाकत थोडा वेळ नुसती बसून राहिली. भिंतीच्या माथ्यावर तुमचा मागच्या दाराचा उंबरा होता. शेजारच्या वाफ्यावर मधल्या घराचा. पलीकडच्यावर पडवीचा. तीन पिढ्यांच्या पायांनी मधोमध खोलगट झालेले, गुळगुळीत, तेलकट काळे.

हे सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं, दाजी. तेव्हा मला कळलं नव्हतं असं म्हणायची सोय नाही.

तरी मी काय केलं? उंबऱ्यावर बसत नाहीत, शिंकत नाहीत, उंबऱ्यावरून काही देत-घेत नाहीत. नवी नवरी त्यावरचं माप ओलांडून घरात येते, सकाळी त्यावर हळदकुंकू पडतं, आणि ज्या घराचा उंबरा उखडला ते घर म्हणजे वंश बुडालेलं, जळालेलं घर, हे मी तुमच्या अंगणात उभा राहून तुम्हांला ओरडून सांगितलं. अक्काला म्हटलं, "तू लक्ष्मीच्या अंगावर बसलीयास." तिनं उंबऱ्याच्या एका टोकाला बोट दाखवलं. तिथं हळदकुंकू लावलेलं होतं, वर झेंडूचं एक फूल. "त्या टोकाला ती, ह्या टोकाला मी," अक्का म्हणाली. "आमचं भांडान न्हाई. तुमीच बसलाया भांडत."

मी पाण्यालाही न थांबता निघालो. वाटेत पहिलं घर लागलं तिथं बसलो आणि सांगितलं, माझ्या दाजीनं लाकडाला पैसा सुटेना म्हणून घरचे उंबरे खाल्ले. आपल्याकडं एका घराचा धूर दुसऱ्या घराला दिसत नाही, पण असं वाक्य दिसतं. दिवाळीपर्यंत तुमचं नाव पडलेलं होतं. तुमच्या घरी सवाष्ण जेवायला यायची बंद झाली. नवी जोडपी पाया पडायला यायची बंद झाली. मीही वर्षानुवर्षं तुमच्या घरी अन्न घेतलं नाही. अंगणात यायचो, अक्काला भेटायचो, मिरच्या घेऊन जायचो. मिरच्यांना मी उंबरा लावला नाही, एवढा मी तत्त्वाचा.

आणि तुम्ही? तुम्हांला कुणी विचारलं की दर वेळी नवीन बढाई. कधी म्हणालात, शिसव आहे, दाराखाली वाया कशाला घालवायचं. कधी म्हणालात, धारवाडच्या मोठ्या लोकांत आता बिनउंबऱ्याचीच घरं बांधतात. माझ्या चिडीला तेवढं पुरे होतं. जन्मभर न केलेल्या कामांची फुशारकी मारणारा माणूस, त्यानं एक खरं काम केलं, आणि त्याबद्दल अवाक्षर नाही. बायको घरात अडकून मरत होती म्हणून काढले, इतकं एकदा चारचौघांत बोलला असता तर माझं तोंड तिथल्या तिथं बंद झालं असतं. का बोलला नाहीत, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं होतं. विचारायची हिंमत माझ्यात नव्हती, आणि तुम्ही आपले मरून मोकळे झालात.

उत्तर अक्कानं दिलं, नदीवरून आल्यावर. मी तिला धोंडूच्या वचनाचं सांगितलं.

ती म्हणाली, "मी सरपटती हे ह्यांनी कुणाला कळू दिलं न्हाई, गणू. लोक म्हणायचे, बायको कशी हाय? हे म्हणायचे, हिंडती-फिरती. आनि मला म्हणायचे, 'लोकांनी मला उंबरेखाऊ म्हणलं तर चालतंय, तुला सरपटणारी म्हणलं तर चालत न्हाई.'"

मी म्हटलं, "पण लोक यायचे की घरी."

"यायचे. हे वळणापासनं खाकरत यायचे न्हवं? तंवर मी वाफ्याच्या भिंतीवर चढून, पायावर लुगडं घेऊन बसलेली असायची."

दाजी, त्या खाकरण्याची नक्कल करून मी किती घरं हसवली आहेत.

मी अक्काला विचारलं की हे आता मी लिहू का, की तेही लपवायचं. ती म्हणाली, "लिही. लाज त्यांची व्हती, ती त्यांच्यासंगं गेली. मला कंदीच न्हवती." तुमची लाज, दाजी. सगळ्या गावाला वाटायचं तुम्हांला नाहीच.

आज सकाळी धोंडू सुताराला घेऊन आला. पोरगा वाईट नाही. वचन दिलं की पाळायचं, इतकंच त्याला शिकवलेलं आहे. अक्का पहिल्या वाफ्यावर बसून वांग्यातलं तण काढत होती. तिनं त्यांच्याकडं पाहिलं आणि सरकून बाजूला झाली. विरोध केला नाही. तुमच्या नावानं दिलेला शब्द आहे म्हटल्यावर ती काय करणार होती. सुतारानं त्या भिंतीवरच्या, मागच्या दाराच्या उंबऱ्याखाली पहार घातली आणि एक टोक हातभर उचललं.

तेव्हा मी जाऊन दुसऱ्या टोकावर बसलो.

उंबऱ्यावर, दाजी. पासष्टी ओलांडलेला माणूस, भरल्या सकाळी, धोंडूच्या आणि सुताराच्या आणि कुंपणावरून बघणाऱ्या सगळ्यांच्या समोर. टोक पुन्हा खाली आलं, सुताराचा हात थोडक्यात वाचला.

"मामा, उठा," धोंडू म्हणाला. "शब्द दिलाय."

"कुणाला?"

"काकांना."

"काकांना न्हाई. कावळ्याला दिलायस. आनि कावळा तुझं कुत्रं उठलं म्हणून आला."

"लोक काय म्हणतील?"

"माझं नाव सांग. म्हणावं, पयल्या डावाला बी ह्यानंच सांगितलं, आत्ता बी ह्योच सांगतोय. म्हाताऱ्यानं दोन्ही खेपेला शेण खाल्लं म्हणत्यात, म्हणू दे."

मग मी त्याला सांगितलं. कुंपणावरच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. तडकलेल्या फळ्या कुणाच्या होत्या ते सांगितलं. उंबरेखाऊ हे नाव कुणी पाडलं ते सांगितलं. उंबरे बसले की काकूला पुन्हा दोघांनी उचलायला लागेल, त्यांतला एक रोज सकाळ-संध्याकाळ तू, आणि दुसरा हयात असेपर्यंत मी, हे सांगितलं. धोंडूनं दाराच्या सारवलेल्या जागेकडं पाहिलं. तिथं शेणावर हातांच्या खुणा होत्या, तळव्यांच्या, आत जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या. तो त्यावरून इतकी वर्षं चालत आला होता. त्यानं त्या आज पाहिल्या.

"मग वचनाचं काय करायचं?" त्यानं हळू विचारलं.

अक्का वांग्यातून मान वर न करता म्हणाली, "उंबरे जाग्यावर बसवतो म्हणलायस न्हवं? त्यांची जागा हीच हाय. ढिला झालाय त्यो तेवढा नीट बसव."

सुतार हसला. धोंडूनं पहार हातात घेतली.

नीट बसवण्यासाठी उंबरा पुन्हा थोडा उचलावा लागला, तेव्हा मी उठलो. खालची बाजू वर आली. तिला कधी पाय लागले नव्हते, तेल लागलं नव्हतं, धूर लागला नव्हता. मी सुताराकडून पटाशी मागून घेतली आणि कोपऱ्यात नखाएवढं खरवडलं. तपकिरी लाकूड, त्यात काळसर रेघा. मी सुताराकडं पाहिलं. त्यानं वास घेतला, बोट फिरवलं.

"मत्ती हाय," तो म्हणाला. "जुनी, चांगली मुरलेली."

मी अक्काकडं वळलो. तिनं ऐकलं होतं. तिनं खुरपं मातीत रोवलं, आणि तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा तिच्या तोंडावर ते जुनं हसू आलं.

"त्यास्नी सांगू नगंस," ती म्हणाली.

तिला हो म्हटलं आहे. म्हणून हे तिच्यासमोर वाचून दाखवताना इथं थांबेन. पण तुम्ही ऐका, दाजी. मत्ती आहे.